अपघातग्रस्ताची नुकसानभरपाई : हक्क, पुरावा आणि गावाचे कर्तव्य

तालुक्याच्या बाजारातून एक सुतार आपल्या गावाकडे निघाला आहे. वय एकोणचाळीस वर्षांचे. मोटारसायकलीच्या मागे हत्यारांची पेटी बांधलेली आहे. वळणावर समोरून भरधाव आलेला मालट्रक आपली बाजू सोडून त्याच्या अंगावर येतो. उजवा हात कोपराजवळ चिरडला जातो, मांडीचे हाड मोडते. लोक धावून येतात, त्याला रुग्णालयात पोहोचवितात. दुसऱ्या दिवशी ट्रकमालकाची माणसे येतात. पोलीस, कोर्ट, कचेऱ्या यांच्या नादी लागू नये, असे ती समजुतीच्या स्वरात सांगतात. पंधरा हजार रुपये उशाशी ठेवतात आणि एका कागदावर सही मागतात. घरातील माणसे घाबरलेली असतात, औषधांसाठी पैसा हवा असतो. सही होते. सहा महिन्यांनी जखम भरून येते, पण त्या हातात रंधा धरवत नाही.

हे उदाहरण कल्पित असले तरी कोणत्याही तालुक्यात घडू शकेल असे आहे. कायद्याने त्या सुताराला जे द्यावयाचे ठरविले आहे, ते त्या पंधरा हजारांच्या कित्येक पटींनी अधिक असते. परंतु हा हक्क आपोआप घरी चालत येत नाही. तो मिळविण्यासाठी काही कागद वेळेवर तयार व्हावे लागतात, काही मुदती पाळाव्या लागतात आणि काही मोहांपासून दूर राहावे लागते. जखमी माणूस अंथरुणाला खिळलेला असताना हे काम त्याच्या कुटुंबावर पडते, आणि कुटुंब अशा वेळी मार्गदर्शनासाठी पाहते ते गावातील शिक्षकाकडे, पोलीस पाटलाकडे, सरपंचाकडे. म्हणूनच या विषयाची मूलभूत माहिती गावातील जाणत्या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

कायद्याची वाटचाल

मोटार अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला पूर्वी भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे. त्यात वेळ आणि खर्च दोन्ही फार होत. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९५६ साली दुरुस्ती होऊन या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद झाली. तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार जखमी व्यक्तीवरच होता. १९८२ च्या दुरुस्तीने त्यात महत्त्वाचा बदल घडविला. कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यू झाल्यास १५,००० रुपये आणि कायमचे अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये द्यावेत, असे तत्त्व त्या वर्षी प्रथमच या कायद्यात आले.

पुढे १९८८ चा नवा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम त्यात अनुक्रमे २५,००० व १२,००० रुपये झाली, १९९४ साली ती ५०,००० व २५,००० रुपयांवर गेली. २०१९ च्या दुरुस्तीने या तरतुदींची जागा नव्या कलम १६४ ने घेतली. त्यानुसार मृत्यूबद्दल पाच लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये, चालकाचा दोष सिद्ध न करता मिळू शकतात. हे बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत.

या सर्व वाटचालीमागील विचार एकच आहे. रस्त्यावर वाहन चालविणाऱ्याने त्यापासून संभवणाऱ्या हानीची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि ती पेलण्याची ऐपत त्याच्याकडे असावी म्हणून त्याने त्रयस्थ व्यक्तींच्या हानीसाठी विमा उतरविलाच पाहिजे. भरपाई ही कोणाची कृपा नव्हे. ती ज्या विम्यातून दिली जाते, त्याचा हप्ता याच कारणासाठी घेतलेला असतो.

पहिले काही दिवस

अपघातानंतरचे पहिले काम उपचाराचे, यात दुमत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ क्रमांकावर पोलिसांची मदत मागविता येते. केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार, नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीस दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या व्यक्तीला अनेकदा चौकशीची धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे; त्याला आपले नाव व पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

दुसरे काम फिर्यादीचे. अपघात ज्या ठाण्याच्या हद्दीत घडला त्याच ठाण्यात गेले पाहिजे असे नाही. अशी खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. जखमी व्यक्ती बोलण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाईक किंवा प्रत्यक्ष पाहणारा इसम खबर देऊ शकतो. खबर देणाऱ्यास तिची प्रत विनामूल्य मिळते आणि ती जपून ठेवावी. उपचाराच्या धावपळीत फिर्याद देण्यास उशीर झाला, तरी दावा फेटाळला जाईल अशी भीती बाळगू नये. केवळ उशिरा नोंदलेली फिर्याद हे भरपाई नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मात्र फिर्यादच न देणे ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यावाचून अपघात कोणत्या वाहनाने झाला हे पुढे सिद्ध करणे कठीण होऊन बसते.

तिसरे काम कागद सांभाळण्याचे. घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयातील दाखल होतानाचा केसपेपर, जखमांचे प्रमाणपत्र, क्ष-किरण चित्रे, रुग्णालयातून सुटी मिळाल्याचे कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, रुग्णालयात ये-जा करण्यासाठी केलेल्या गाडीभाड्याची पावती, शुश्रूषेसाठी ठेवलेल्या माणसास दिलेल्या पैशाची नोंद, हे सर्व एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवावे. शंभर रुपयांच्या औषधाची चिठ्ठी कोणी टाकून देतो. वर्षभराच्या उपचारात अशा टाकून दिलेल्या चिठ्ठ्यांची बेरीज मोठी होते. केसपेपरवर रुग्णाचे नाव, वय आणि जखमेचे कारण बरोबर लिहिले आहे की नाही, हे त्याच दिवशी पाहावे. घाईत कोणी ‘पडल्यामुळे दुखापत’ असे सांगितले आणि तसे नोंदले गेले, तर तो एक शब्द पुढे दाव्याच्या आड येतो.

चौथी गोष्ट सहीची. कोऱ्या कागदावर, किंवा ‘आमची काही तक्रार नाही’ अशा मजकुराखाली सही वा अंगठा देऊ नये. दुखापतीचे स्वरूप कायमचे आहे की तात्पुरते, हे कित्येकदा डॉक्टरांनाही काही महिने सांगता येत नाही. मग तिचे मोल दुसऱ्या दिवशी कसे ठरणार? ट्रकमालकाने उपचारासाठी पैसे दिले तर ते पावती करून घेण्यास हरकत नाही, परंतु पावतीवर ‘उपचारासाठी’ एवढेच लिहिलेले असावे. अशी सही यापूर्वीच झालेली असेल, तर दाव्याचा मार्ग बंद झाला असे समजून स्वस्थ बसू नये. तालुका विधी सेवा समितीचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

पोलिसांचे अहवाल आणि दाव्याची मुदत

२०२२ पासून अमलात आलेल्या केंद्रीय नियमांनी पोलिसांवर काही निश्चित कामे सोपविली आहेत. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवावयाचा असतो. अपघातग्रस्तांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना त्याने दहा दिवसांच्या आत जखमीला वा त्याच्या कुटुंबाला द्यावयाचा असतो. मधला अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणापुढे सादर झाला पाहिजे. या अहवालासच न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज समजावे, अशी तरतूद कलम १६६ मध्ये आहे. त्यामुळे कुटुंबाने पोलीस ठाण्यात जाऊन ‘आमच्या प्रकरणातील सविस्तर अहवाल गेला काय?’ एवढे विचारणे हेही महत्त्वाचे पाऊल ठरते.

तथापि केवळ पोलिसांच्या अहवालावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. स्वतंत्र अर्ज करावयाचा असल्यास तो अपघाताच्या दिनांकापासून सहा महिन्यांच्या आत करावा, असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. या मुदतीच्या तरतुदीस आव्हान देण्यात आले असून, त्याचा निर्णय होईपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ज्यांना उशीर झाला आहे त्यांच्यासाठी हा दिलासा आहे. ज्यांच्या हाती वेळ आहे त्यांनी सहा महिन्यांची मुदतच पाळावी. अपघात जेथे घडला तेथील, अर्जदार जेथे राहतो तेथील, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेलेल्या मजुरास तेथे अपघात झाला, तरी त्याला आपल्या जिल्ह्यातच दावा करता येतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दोन मार्ग आणि एक सावधगिरी

भरपाईचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला, कलम १६४ चा. येथे दोष सिद्ध करावा लागत नाही, पण गंभीर दुखापतीसाठी रक्कम अडीच लाख रुपये इतकी ठरलेली आहे. दुसरा, कलम १६६ चा. येथे चालकाची चूक दाखवावी लागते, परंतु रकमेला अशी मर्यादा नाही. न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई द्यावयाची असते. चूक दाखविण्यासाठी फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. अपघात कसा घडला असण्याचा संभव अधिक आहे, एवढे पुराव्यातून दिसले म्हणजे पुरते.

सावधगिरी ही की, कलम १४९ च्या पद्धतीने विमा कंपनीने देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली म्हणजे न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. किरकोळ अस्थिभंग होऊन माणूस पूर्ववत कामाला लागला असेल, तर अडीच लाख रुपये लवकर हाती येणे हिताचे ठरेल. पण ज्याचा कमावता हात निकामी झाला आहे त्याने ती रक्कम घेणे म्हणजे आयुष्यभराची कमाई अडीच लाखांवर सोडून देणे होय. म्हणून दुखापतीचे अंतिम स्वरूप कळल्याखेरीज, आणि जाणकाराचा सल्ला घेतल्याखेरीज, कोणताही प्रस्ताव स्वीकारू नये.

मोटारीवरील चालक, सफाईवाला वा हमाल अशा कामगारास कामावर असताना अपघात झाला, तर त्याला कामगारांच्या भरपाईच्या कायद्याखालीही मागणी करता येते. मात्र दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

भरपाई कशी मोजली जाते

दुखापतीच्या प्रकरणात कोणत्या बाबींची भरपाई द्यावी, याचे सविस्तर विवेचन सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात केले आहे. उपचार, औषधे, प्रवास व पौष्टिक आहार यांचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, भविष्यात लागणाऱ्या उपचारांचा खर्च, सोसलेल्या वेदना, आणि जीवनातील सुखसोयींना मुकावे लागल्याबद्दलची रक्कम, अशा या बाबी आहेत. अविवाहित तरुण-तरुणींच्या बाबतीत विवाहाची शक्यता दुरावल्याचाही विचार होतो.

याच निकालात एक मर्मग्राही भेद सांगितला आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन गोष्टी एक नव्हेत. डावा हात गमावलेल्या व्यक्तीचे शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. परंतु ती व्यक्ती चालक किंवा सुतार असेल तर तिच्या कमाईची हानी जवळजवळ शंभर टक्के असू शकते, आणि तीच व्यक्ती शासकीय सेवेतील लिपिक असेल तर तिची नोकरी कदाचित टिकूनही राहील. म्हणून प्रमाणपत्रावरील टक्केवारी हाती आली की काम संपले असे नसते. माणूस काय काम करीत होता, त्या कामात कोणत्या अवयवाची गरज होती, आणि आता त्याला काय करता येत नाही, हे न्यायाधिकरणापुढे आणावे लागते. ज्या डॉक्टरांनी उपचार केले वा तपासणी केली त्यांची साक्षही त्यासाठी घ्यावी लागते.

आरंभीच्या सुताराचेच गणित मांडू. त्याचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये सिद्ध झाले असे समजा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानुसार, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या ४० वर्षांखालील व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवितात. दुखापतीमुळे कायमचे अपंगत्व आलेल्यांनाही हा लाभ मिळतो. म्हणजे मासिक उत्पन्न २१,००० आणि वार्षिक उत्पन्न २,५२,००० रुपये झाले. २००९ च्या निकालात वयोमानाप्रमाणे गुणक ठरवून दिलेले आहेत; ३६ ते ४० वर्षे वयासाठी गुणक १५ आहे. तेव्हा पूर्ण कमाईची रक्कम ३७,८०,००० रुपये येते. प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व लिहिलेले आहे. तेवढ्यावरच थांबल्यास भावी कमाईची भरपाई १५,१२,००० रुपये होईल. परंतु सुतारकामातील कमाईची हानी ७० टक्के आहे असे पुराव्याने दाखविता आले, तर तीच रक्कम २६,४६,००० रुपये होईल. उपचाराचा खर्च व वेदनांबद्दलची रक्कम याशिवाय वेगळी. उशाशी ठेवलेले पंधरा हजार आणि हे आकडे यांतील अंतरच या विषयाचे महत्त्व सांगण्यास पुरेसे आहे. अंतिम रक्कम अर्थातच प्रत्येक प्रकरणातील पुराव्यावरून न्यायाधिकरण ठरविते.

वय आणि उत्पन्न यांचा पुरावा

या गणितात शाळेच्या दाखल्याला किती मोल आहे, हे शिक्षकांनी ध्यानी घेण्यासारखे आहे. त्या सुताराचे वय केसपेपरवर अंदाजाने ४२ लिहिले गेले आणि ते कोणी दुरुस्त केले नाही, असे समजा. ४० ते ५० या वयोगटात भावी वाढ २५ टक्केच मिळते आणि ४१ ते ४५ वर्षांसाठी गुणक १४ आहे. मग ७० टक्के हानी धरूनही रक्कम २२,०५,००० रुपये होते, म्हणजे ४,४१,००० रुपयांनी कमी. शाळा सोडल्याचा दाखला वेळेवर मिळाला, तर एका कागदाने हे नुकसान टळते.

ग्रामीण भागात उत्पन्नाचा पुरावा ही खरी अडचण असते. पगारपत्रक सर्वांनाच मिळत नाही. अशा वेळी लाकडाच्या वखारीतील खरेदीच्या पावत्या, ज्यांच्याकडे काम केले त्यांची साक्ष, दूध संघाच्या पावत्या, बाजार समितीतील हिशोबपट्ट्या, हजेरीपटावरील नोंदी, बँकेचे पासबुक, बचतगटाच्या वहीतील नोंदी हे सर्व उपयोगी पडते. पुरावा अगदीच नसेल तर किमान वेतनाचा आधार घेतला जातो, पण हाती असलेला पुरावा गोळा न करता तेवढ्यावर समाधान मानू नये. गृहिणी जखमी झाल्यास ‘तिला उत्पन्न नाही’ असे म्हणून कुटुंबच दावा करीत नाही, असेही घडू शकते. ते चूक आहे. घरकामाचे आर्थिक मूल्य मानलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात आग्रहाने सांगितले आहे. विद्यार्थ्याच्या वतीने त्याचे पालक अर्ज करू शकतात. बुडालेल्या शिक्षणकाळाबद्दल शाळेचा हजेरीपट हा उत्तम पुरावा असतो.

वाहन सापडले नाही तर

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा तपास लागला नाही, तर सारे संपले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अशा प्रकरणांसाठी शासनाची स्वतंत्र योजना आहे. पूर्वी तिच्यात मृत्यूबद्दल २५,००० आणि गंभीर दुखापतीबद्दल १२,५०० रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून या रकमा अनुक्रमे दोन लाख आणि ५०,००० रुपये झाल्या आहेत. येथे न्यायाधिकरणात जावे लागत नाही. अपघात ज्या तालुक्यात झाला तेथील उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे, म्हणजे दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, अर्ज करावयाचा असतो. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एक महिन्यात वाहनाचा तपास लागला नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती जखमीस किंवा त्याच्या कुटुंबास लेखी कळवावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला आहे. महसूल व पोलीस या दोन्ही खात्यांतील अधिकाऱ्यांनी ही जबाबदारी विशेष लक्षपूर्वक पार पाडली पाहिजे. कारण येथे अर्ज येत नाहीत याचा अर्थ अपघात होत नाहीत असा नसून, लोकांना योजना ठाऊक नाही असाच बहुधा असतो.

विम्याच्या मर्यादा

लग्नाची वऱ्हाडे, यात्रेकरू, मजूर यांची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा मालवाहू टेम्पोतून ने-आण करण्याची प्रथा ग्रामीण भागात अद्याप आहे. मालवाहू वाहनात असे बसलेल्या प्रवाशांच्या हानीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे. सोबत आपला माल नेणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी एवढाच याला अपवाद. अशा अपघातात भरपाई वाहनमालकाकडून वसूल करावी लागते, आणि त्याची ऐपत नसेल तर हातातील निवाडा कागदावरच राहतो. ग्रामसभेत ही एक गोष्ट जरी समजावून सांगितली गेली, तरी कित्येक कुटुंबे पुढील दैन्यापासून वाचतील.

उलट काही गैरसमज दावेदाराच्या मनात विनाकारण असतात. मोटारसायकलीवर तिघे बसले होते किंवा चालविणाऱ्याकडे परवाना नव्हता, म्हणून आपला दावा बुडाला असे लोक समजतात. नियम मोडणे हे समर्थनीय नाहीच. परंतु त्या नियमभंगामुळे अपघात घडला किंवा दुखापत वाढली असे दिसल्याखेरीज केवळ तेवढ्यावरून जखमीवर दोषाचा वाटा टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने परवान्याबाबत २००८ साली व तिघे बसण्याबाबत २०२० साली म्हटले आहे.

निवाडा आणि त्यानंतर

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे सदस्य, दिव्यांग व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असलेले नागरिक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार विनामूल्य वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे साधा अर्ज पुरेसा असतो. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. लोकन्यायालयात तडजोड झाल्यास निकाल लवकर लागतो. मात्र लोकन्यायालयाच्या निवाड्यावर अपील नसते. तेव्हा तेथे होकार देण्यापूर्वी वरील पद्धतीने आपल्या दाव्याचा अंदाज कागदावर मांडून पाहावा, आणि देऊ केलेली रक्कम त्याच्या जवळपास आहे की नाही हे पाहूनच सही करावी.

न्यायाधिकरणाने निवाडा दिल्यावर ३० दिवसांच्या आत रक्कम जमा झाली पाहिजे. अर्जाच्या दिनांकापासून व्याज देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणास आहे. निवाडा मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते. रक्कम भरली गेली नाही, तर न्यायाधिकरणाच्या प्रमाणपत्रावरून जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात. मिळालेल्या रकमेचा काही भाग बँकेत मुदत ठेवीत गुंतविण्याचा आदेश न्यायाधिकरण पुष्कळदा देते. तो दावेदाराच्या हितासाठीच असतो. आयुष्यभराच्या कमाईऐवजी मिळालेला पैसा एका वर्षात संपू नये, हा त्यामागील हेतू आहे.

गावाचे कर्तव्य

या कामी नव्या यंत्रणेची किंवा मोठ्या खर्चाची गरज नाही. पोलीस पाटलाने फिर्याद नोंदली गेली की नाही हे पाहावे. सरपंच व सदस्यांनी जखमीच्या घरी जाऊन, कोणत्याही कागदावर घाईने सही करू नका, एवढे सांगावे. शिक्षकांनी वयाचा दाखला विनाविलंब द्यावा आणि पावत्या तारखेप्रमाणे लावून द्याव्यात. महसूल अधिकाऱ्यांनी पळून गेलेल्या वाहनांच्या प्रकरणांतील अर्ज लोकांनी मागण्याची वाट न पाहता उपलब्ध करून द्यावेत. ग्रामपंचायतीच्या फलकावर तालुका विधी सेवा समितीचा पत्ता, १०८, ११२ व १५१०० हे क्रमांक, आणि ‘सहा महिन्यांच्या आत अर्ज’ ही ओळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.

सुताराचा हात पूर्ववत करणे कोणाच्याही हाती नाही. परंतु त्याची मुले शाळेत टिकावीत, घरातील चूल पेटती राहावी आणि त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढे कायद्याने शक्य करून ठेवले आहे. त्यासाठी लागणारी कागदांची ती पिशवी पहिल्या दिवसापासून भरली जावी, ही जबाबदारी गावाची आहे.